माईक बंद ठेवून

पहिली गोळी भिंतीला लागली, दुसरी पाण्याच्या टाकीला. शिवणयंत्रामागे अंग चोरून बसलेल्या आईनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता. कानात इअरफोन, माईक बंद, नाव खोटं: वाघीण. आतल्या खोलीत दार लावून तिचा मुलगा हाच खेळ खेळत होता. तो आंघोळीला गेलेला असताना त्याच्या फोनमधून टोळीचा पासवर्ड तिनं चोरला होता. त्याला पत्ता लागणार नाही, याची तिला खात्री होती.

समोरच्या दारचा मुलगा शाळेच्या जिन्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. तो हिच्या मुलाचा जिवलग मित्र. पडला तेव्हा मागे हाच होता. "पाय घसरला," असं दोघंही सांगत होते, तेही अगदी एकाच सुरात. मग संशय यायचाच.

"तुमचा मुलगा दिवसभर माणसं मारतो," समोरची दारात येऊन म्हणाली होती. "एक दिवस खरी मारणारच. शाळेतून काढायला लावते की नाही बघा."

"आणि हा खेळ त्याला शिकवला कुणी? तुमच्याच गुणी बाळानं." एवढं सुनावून आईनं दार लावून घेतलं खरं. पण मग भाजी चिरताना सुरी मध्येच थांबायची. हल्ली तो दारं आपटतो. हाक मारली की वसकन अंगावर येतो. मिसरूड फुटतंय म्हणून, की आणखी काही? उद्या मुख्याध्यापिकांनी दोन्ही आयांना बोलावलं होतं. पोटच्या पोराची बाजू घ्यायची, तर ती खरी आहे का, हे आधी बघायला हवं होतं.

"तू मागे थांब, तुला एकच हात आहे," कानात मुलाचा आवाज आला. समोरचा मुलगा खिदळला. आईला ते खिदळणंही बनावट वाटलं.

तेवढ्यात पाठीत गोळी बसली. रातराणी. ही बया कालच टोळीत शिरली होती आणि सगळ्यांना सोडून हिच्याच मागे लागली होती. आईनं दातओठ खाल्ले. खिडकीतून उडी टाकली. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानंच हाणायला सुरुवात केली. "मर मेले," ती पुटपुटली. रातराणीही मागे हटेना.

बाकीच्या बंदुका केव्हाच थांबल्या होत्या.

"तू मला पकडायला धावलास, हे शंभरदा सांगितलं," समोरचा मुलगा म्हणत होता. "माझ्या आईला पटतच नाही रे. आणि तुझी आई बघ, काय धुतेय तिला."

"तुझीही काही कमी नाही," मुलगा म्हणाला. "खेळू दे त्यांना. उद्या मुख्याध्यापिकांसमोर तरी नीट वागतील."