उपाशी राहिलेली कॅप

"मावशी, पंधरा दिवस झाले, कॅप अजून पांढरीफटक कशी?" दातांच्या डॉक्टर तन्वी दळवींना नवल वाटलं. पेशींपासून वाढवलेली ही जिवंत कॅप रोजच्या खाण्यापिण्यातून आपोआप शेजारच्या दातांचा रंग धरायची. आजवर एकीनेही दगा दिला नव्हता.

"मी तर किती जपलं!" द्वारकामावशी म्हणाल्या. "चहा सोडला, हळद सोडली. डॉक्टरांपुढे पिवळे दात घेऊन कसं यायचं?"

दळवींना हसू आवरेना. "अहो, तुम्ही तिला उपाशी ठेवलंत! आजपासून चहा सुरू करा, तोही कडक."

महिन्याभराने मावशींच्या धाकट्या मुलाच्या लग्नात बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला. हिच्या आधीची धातूची कॅप चमकायची, म्हणून वर्षभर मावशी पदराआड हसत आल्या होत्या; नवी मात्र आता शेजारच्या दातांत मिसळून गेली होती. आज पदर खांद्यावरच राहिला. त्यांनी खणखणीत आवाजात उखाणा घेतला आणि खदखदून हसल्या.

विहीणबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "नशीबवान हो तुम्ही! या वयात एकही दात बसवलेला नाही."

"सगळे माझेच आहेत," मावशी ऐटीत म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला.