राखीव कीपर

सौदीतल्या जुबैलच्या रेताड मैदानाबाहेर यूनुस पायाला पॅड बांधून नुसत्या येरझारा घालत होता. आधी हाइल, मग खमीस मुशैत, आता इथे. कंपनीने जिथे जिथे पाठवलं, तिथल्या टीममध्ये तो राखीव विकेटकीपरच राहिला. आज तर फायनल.

"बसा हो जरा. तुम्हांला बघून मलाच धाप लागली," त्याची बायको साबिरा म्हणाली. त्याचे ग्लव्हज तिच्या मांडीवर होते.

एवढ्यात मैदानात बोटावर चेंडू लागला आणि कीपर ध्रुव ते धरून खाली बसला. कॅप्टन वळून ओरडला, "यूनुसभाई, यल्ला! लवकर या!"

बर्फाचा डबा उचलून यूनुस सुसाट धावला. त्याने ध्रुवच्या बोटाला बर्फ लावला, ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने घट्ट बांधलं आणि कॅप्टन काही बोलायच्या आत ग्लव्हही चढवून दिला. "काही झालेलं नाही. खेळ तू." टाळ्या पडल्या. ध्रुव पुन्हा स्टंपमागे उभा राहिला.

यूनुस धापा टाकत परतला आणि परत येरझारा घालू लागला.

साबिराने मांडीवरचे ग्लव्हज उचलून त्याच्यासमोर धरले.

"अहो, कीपिंगला बोलावलं होतं तुम्हांला."