सात नंबरची झोप

सात नंबरच्या सेन्सरची बॅटरी पुन्हा संपली होती. पुलाखालच्या अरुंद लोखंडी वाटेवर गुडघे टेकून त्या तरुण इंजिनिअर मुलीने नवीन बसवली. पाच वर्षं चालायला हवी होती, महिनाभरही चालली नाही.

बाकीचे अकरा सेन्सर ठणठणीत होते. तासातून एकदा जागे होत, पुलाची थरथर मोजत, आकडे पाठवत आणि झोपत. मध्येच हादरा बसला तरच उठत. सात नंबर मात्र रोज सकाळी सहा ते साडेसहा शेकडो वेळा उठत होता. का, ते कळेना. दहा वाजता साहेब तपासणीला येणार होते. एक जरी सेन्सर नापास झाला, तर बाराही उतरवायचे ठरलं होतं. हे सेन्सर बनवण्यातली तिची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. म्हणून आज, गुरुवारी, ती सहालाच येऊन बसली होती.

पुलाचे म्हातारे तपासनीस वाटेवरून आले. सगळे त्यांना हातोडीकाका म्हणत. तिच्याकडे बघून ते हसले, वाकले आणि सेन्सरशेजारच्या बोल्टवर ठोके घालू लागले. प्रत्येक ठोक्याला सात नंबरचा हिरवा दिवा लुकलुकला.

“अहो काका! काय चाललंय हे?”

“शिकवतोय याला. महिनाअखेर मी घरी बसणार. मग पूल यांनीच सांभाळायचा ना? घट्ट बोल्ट कसा वाजतो, ढिला कसा वाजतो, कळायला नको? बाकीचे उंचावर. हा एकटाच हाताशी सापडला.”

“तुम्ही झोपूच देत नाही त्याला. बॅटरी संपते त्याची!”

“शिकायचं म्हटल्यावर झोप कसली, पोरी?”

तिला हसू फुटलं. मग तिचं लक्ष हातोडीकडे गेलं. तीच हातोडी, तोच हात, तोच बोल्ट, रोज. इतका नेटका प्रयोग तिने प्रयोगशाळेतही केला नव्हता. तिने लॅपटॉप उघडला आणि रोजच्या ठोक्यांच्या रेषा एकावर एक ठेवल्या. सगळ्या तंतोतंत जुळल्या. फक्त शेवटच्या तीन दिवसांच्या खाली घसरल्या होत्या.

“काका, या बोल्टचा आवाज बदललाय का हो?”

“मंगळवारपासून बसलाय. सांधा उघडून बघायला हवा. साहेबांना सांगितलं, तर हसले. म्हणाले, यंत्र म्हणेल तेव्हा बघू.”

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

“म्हणतंय, काका. मंगळवारपासूनच म्हणतंय.”