खंडेनवमीची प्रत

पडद्यावरील लाल चौकटीने अप्पांच्या बारा वर्षांच्या शब्दकोशाला कुलूप ठोकले होते. अनोळखी पत्त्यावरून आलेली लग्नपत्रिका त्यांनी संगणकावर उघडली, एवढेच निमित्त.

"अँटिव्हायरस घ्या म्हणून किती विनवले," सून म्हणाली.

"सावध माणसाला रखवालदार लागत नाही, हा माझा सिद्धान्त. सिद्धान्त टिकला, सावध माणूस टिकला नाही."

तेवढ्यात पत्नी देव्हाऱ्यातून कुंकू लागलेला पेनड्राइव्ह घेऊन धावत आली. "परवा खंडेनवमीला अवजार म्हणून तुम्हीच पुजायला ठेवलात. कोशाची प्रत आहे म्हणालात."

सुनेने कुंकू पुसून तो आपल्या लॅपटॉपला जोडला. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सारा कोश झळकला. अप्पा ताडकन उभे राहिले.

"आता तरी अँटिव्हायरस?"

"घेऊ. पण यापुढे खंडेनवमी दर शनिवारी."