एका वांग्याची राखण

सकाळचे सहा वाजले होते आणि सिताबाई गच्चीवर काठी घेऊन राखणीला बसल्या होत्या. राखण कशाची, तर रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या एका वांग्याच्या झाडाची. झाडाला चार वांगी लागली होती. पाखरं येतील म्हणून शेजारी बुजगावणंही उभं केलं होतं, मुलाचा जुना शर्ट घातलेलं. ते झाडाच्या दुप्पट उंच होतं.

सून प्रतीक्षा बीपीचं मशीन घेऊन वर आली. सासूच्या दंडाला पट्टा बांधून तिनं आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या, रात्री झोपलात का न्हाय?"

"दोनदा येऊन बघून गेले. आभाळ आलं होतं. वांग्याला आभाळ लई वाईट."

गेल्या वर्षी सिताबाई शेतातच चक्कर येऊन पडल्या होत्या. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, त्यांना काळजीपासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलानं, रामहरीनं, तेर गावाजवळचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलं आणि आईला येडशीला आपल्या घरी आणलं. काळजी तेवढी गाठोड्यात बांधून त्यांच्याबरोबर आली.

डबा ही तशी प्रतीक्षाचीच चूक. ती शाळेत शिकवायची. शाळेतून आली की गच्चीवरच्या कुंड्यांपाशी पंधरा मिनिटं बसायची, पिवळी पानं खुडायची, माती उकरायची आणि गुणगुणत खाली यायची. सिताबाई आठवडाभर तिच्यावर नजर ठेवून होत्या.

"ह्या फुलांचं करतीस काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काय न्हाय. बरं वाटतं."

"मातीत हात घालून?"

सिताबाईंना हे कोडंच पडलं. चाळीस वर्षं त्यांचे हात मातीत होते. बरं वाटतंय का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. सुनेला त्या मातीत नेमकं काय सापडतं ते बघावं, म्हणून त्यांनी एक डबा मागून घेतला.

बघायचं राहिलं बाजूला. सिताबाईंनी डब्यात शेतीच सुरू केली. पानांवर राख टाकली, किडीसाठी लिंबोळ्या कुटल्या, ढग दिसला की ताटावरून उठल्या. बीपी वाढतच गेला. तीच माती एकीचं डोकं शांत करते आणि दुसरीच्या छातीत धडधड लावते, हे कसं ते प्रतीक्षालाही उमगेना.

"येळवस झाली की डबा उचलायचा," रामहरीनं तिला बजावलं. "आईपरीस वांगं मोठं न्हाय."

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी या भागात गावंच्या गावं ओस पडतात. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात पांडव पुजतात, पिकाभोवती आंबील शिंपडतात, उरलेली पितात आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीवर ताव मारतात. हे तिघंही शेतावर गेले. बटईदार गोरोबानं ज्वारी आणि हरभरा झकास आणला होता.

"पीक तर बघा मालकीणबाई," तो म्हणाला.

सिताबाईंनी नुसती मान हलवली. आज राखणीला कुणीच नव्हतं आणि त्यांचा सगळा जीव गच्चीवर होता.

दिवस मावळायच्या आत ते परतले. डब्याभोवती शिंपडायला सिताबाईंनी तांब्यात थोडी आंबील आणली होती. प्रतीक्षा पुढं होऊन गच्चीवर गेली. गावाजवळच्या रामलिंगच्या जंगलातली वानरं येऊन गेली होती. ओस गावात त्यांना अडवायला कुणी नव्हतं. झाड मुळासकट उपटलेलं होतं. तीन वांगी अर्धी खाऊन फेकलेली, चौथं गायब. बुजगावण्याचा शर्टही नेला होता.

प्रतीक्षानं घाईनं गच्चीचं दार ओढून घेतलं. पण सासूबाई तोवर वरच्या पायरीवर आल्या होत्या. त्यांनी तिला बाजूला सारलं. मागून रामहरी खुर्ची घेऊन धावत आला.

"आई, आधी बस. मग बघ."

सिताबाई बसल्या नाहीत. त्यांनी मोडलेलं झाड हातात घेतलं. गारपिटीनं, रानडुकरांनी झोपवलेलं पीक त्यांनी आयुष्यात कितीदा तरी पाहिलं होतं. अशा वेळी पहिल्यांदा काय विचारायचं ते त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

"घरात जवारी किती हाय?"

"पोतं भरलंय, आत्या," प्रतीक्षा म्हणाली.

"अन् भाजी?"

"फ्रीजमधी मेथी हाय. भोपळा हाय."

"म्हंजे उद्या चूल पेटंल."

"पेटंल की."

सिताबाई आता कुठं खुर्चीत टेकल्या. त्यांचे खांदे हलू लागले. रामहरी घाबरून वाकला, तर आई हसत होती. डोळ्यांना पदर लावून हसत होती.

"आरं, सगळं गेलं," त्या म्हणाल्या, "अन् कायबी झालं न्हाय."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांना कधी म्हणता आलं नव्हतं. त्यांनी रिकाम्या डब्यात हात घालून माती सारखी केली, ढेकळं फोडली. मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं सुनेला विचारलं,

"प्रतीक्षा, वानरांना सगळ्यात जास्त काय आवडतं गं? ह्या बारीला तेच लावू."