निवाऱ्याच्या रेघा

इरा देवस्थळी देणगी मंजूर झाल्याची बातमी घेऊन निवाऱ्यात आली, तेव्हा बायका टेम्पोत गाद्या चढवत होत्या. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायकांची ही जागा. इथे फोन बंद ठेवायचा नियम होता. त्यामुळे इराच्या ट्रस्टच्या नकाशावर निवारा एकटाच ठिपका होता. दोन फोन जवळ आले की त्या नकाशावर दोघांच्या नावांसकट रेघ उमटायची, आणि संस्थेने किती माणसं जोडली हे त्या रेघांवरून पाहूनच देणग्या मिळायच्या. "आठवडाभर फोन चालू ठेवा," असं इरानेच सुचवलं होतं.

"रेघा झकास आल्या," निवारा चालवणाऱ्या सुलभाताई म्हणाल्या. "नकाशा सगळ्यांना खुला असतो. काल इथल्या रंजनाचा नवरा तिचं नाव त्यावर बघून फाटकाशी येऊन उभा होता. आज भावांना घेऊन येतो म्हणालाय."

इराला मान वर करवेना. "नवा पत्ता द्या. पैसे आजच पाठवते."

"पत्ता तुम्हाला द्यायचा नाही, असं ठरलंय. आता निघा. तुमचा फोन चालू आहे."

इराने तिथेच फोन बंद केला. तरी टेम्पो सुरू झाला नाही. ती रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत बायका गाद्यांवर बसून थांबल्या.