चार वाजेपर्यंतचा वर्ग

“परमेश्वर, त्या हातोडेवाल्या थोर देवाला नुसत्या मिशा काय काढायलास? दाढी पण काढ,” असं दत्तराव गुरुजी चित्र काढणाऱ्या पोराला सांगत होते, तेवढ्यात सरपंच किशनराव शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या, पण आत आले नाहीत.

गुरुजी हातातला खडू ठेवून व्हरांड्यात गेले.

“वर्ग कितीपर्यंत हाय?” किशनरावांनी विचारलं.

“बारापर्यंत. दर रविवारसारखा.”

“आज चारपर्यंत चालवा. लय वाईट झालंय. गाडी पहाटंच निघालीय तिकडून, चारला पोचंल. तवर गावात कुणी तोंड उघडायचं न्हाई, असं ठरलंय.”

“कोण?”

किशनराव मान वळवून वर्गाकडे बघत राहिले. पुढच्याच रांगेत पंकजा बसली होती, जिभेचं टोक ओठांत धरून ओडिन देवाच्या खांद्यावरचा कावळा रंगवत. तिचा बाप वैजीनाथ आणि आई दसऱ्यापासून ऊसतोडीला कर्नाटकात होते.

गुरुजींना पुढे विचारायची गरजच उरली नाही.

“तुमचा फोन द्या माझ्याकडं,” किशनराव म्हणाले.

टोळीवरची माणसं आपल्या लेकरांशी बोलायला गुरुजींच्याच नंबरवर फोन करत. पोरीच्या देखत कुणी काही बोलून गेलं तर? गुरुजींनी मुकाट्यानं फोन दिला. किशनरावांनी तो बंद करून खिशात टाकला आणि गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला.

गुरुजी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी हा रविवारचा चित्रांचा वर्ग धरला. राम, मारुती, खंडोबा सगळे काढून झाले, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या भारतनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांचं एक जाडजूड पुस्तक पाठवून दिलं. पुस्तक इंग्रजी. बापलेक फोनवर एकेक गोष्ट लावत आणि मग ती वर्गात यायची. मुलांनी थोरच्या रथाला गावातलेच बोकड जुंपले, एकडोळ्या ओडिनला पटका बांधला. गुरुजींनी कधी काही खोडलं नाही.

आजची गोष्ट फिनलंडच्या लेमिन्काइनेन नावाच्या वीराची होती. मरणाच्या काळ्या नदीत त्याचे तुकडे होतात. त्याची म्हातारी आई लांब दांड्याचं दंताळं घेऊन त्या नदीत उतरते, एकेक तुकडा ओढून काढते, जोडते आणि पोराला उठवते. गोष्ट सकाळीच सांगून झाली होती. आता मात्र गुरुजींना ती नकोशी झाली. सगळ्यांनी थोरचा हातोडाच काढा, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

पंकजा ऐकेना. तिला ती आईच काढायची होती. तिनं नदीत कासोटा घातलेली बाई उभी केली, हुबेहूब तिच्या आजीसारखी.

“गुरुजी, पोरगं गेलं ते तिला कसं कळलं?”

“घरी त्याची फणी होती. तिच्यातून रक्त गळायला लागलं.”

“आन् गावातल्यांना ठावं नव्हतं?”

“असंल.”

“मग त्यांनी का न्हाई सांगितलं?”

“अगं येडे, मग गोष्टच संपली असती की,” भक्ती म्हणाली. सगळे हसले. पंकजा गुरुजींकडेच बघत होती.

“आधी दोन घास खाऊ द्यावं, म्हणून थांबत्यात माणसं,” गुरुजी म्हणाले. “एकदा कळल्यावर घास उतरत न्हाई, बाळा.”

दुपारी किशनरावांची बायको बायनाबाई स्वतः टोपली घेऊन आली. भाकरी, पिठलं, ठेचा, सगळ्या लेकरांना पुरेल एवढं. गुरुजींच्या हातावर भाकरी ठेवून ती समोरच बसली आणि तुमी आधी खावा म्हणाली. गुरुजींनी अर्धी भाकरी पंकजाला मोडून दिली. तिनं ती ठेच्याशी मिटक्या मारत खाल्ली. बायनाबाईनं तोंड फिरवलं आणि डोळ्याला पदर लावला. पोरीला दिसू नये म्हणून गुरुजी दोघींच्या मधे सरकून बसले.

मग त्यांनी पंकजाला आपला जपून ठेवलेला ब्रश दिला. काळं पाणी नुसत्या काळ्या रंगानं होत नाही, त्यात निळा मिसळावा लागतो, हे हाताला धरून शिकवलं. ओडिनची नक्कल करून तिला दोनदा हसवलं. बाप असलेली पोर म्हणून ती हसेल ते एवढेच दोन तास, असं त्यांना वाटत होतं. घड्याळाकडे बघायचं त्यांनी टाळलं.

चारला सोनपेठच्या रस्त्यावर पांढरी गाडी दिसली. भोंगा बंद होता. गुरुजींनी वर्ग सोडला आणि पंकजाचा हात धरून ते तिच्या घराकडे निघाले. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाव जमला होता. घराच्या दारात तिची आजी धुरपदाबाई पदर तोंडात धरून उभी होती. गुरुजी वाकले.

“पंकजा, माझा हात घट्ट धर. मी हाय तुझ्याजवळ.”

गाडी मागून आली आणि धुरपदाबाईच्या दारावरून हळूहळू पुढे गेली.

“अरे, इथं. इथं थांबव,” गुरुजींनी हात वर केला. गाडी थांबली नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पोरीकडे कुणीच बघत नव्हतं.

किशनराव गर्दीतून आले. गुरुजींच्या मुठीतली पंकजाची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली आणि तिला आजीकडे धाडलं. मग गुरुजींचा तो रिकामा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“वैजीनाथ खुशाल हाय, गुरुजी,” ते म्हणाले. “गाडी पुण्याहून आलीय.”